कापलेला अंगठा

धुळ्याला डॉक्टरांच्या दाराबाहेर मी युरिक ॲसिडचा रिपोर्ट घेऊन बसलो होतो. शेजारी भडगावकडचा एक म्हातारा होता. जन्मभर लोकांच्या चपलांना अंगठे शिवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या उजव्या चपलेचा अंगठा मात्र कापून टाकला होता.

“सुजेल बोटले टोचे,” तो म्हणाला.

बोट ठणकलं की मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची आणि पुन्हा कामाला बसायचं, असं त्याने वर्षानुवर्षं केलं. त्या गोळ्यांनीच किडन्या गेल्या; आता डायलिसिसवर होता. बोलताना कापलेल्या चामड्यावरून सारखा नख फिरवत होता.

“अंगठा दुखे तं माले समजे तरी. किडन्या मुक्या निंघन्यात, भाऊ.”

मी माझ्या पायाकडे पाहिलं. सकाळीच अंगठा ठणकला म्हणून तसली गोळी घेतली होती. अंगठा गप्प होता.