भैरोबाला लावलेला गूळ

१९५९ साल, मी बावीस वर्षांचा. धाकटा दत्तू मॅट्रिक झाला, आमच्या आळीत पहिलाच. त्याला पुण्याच्या कॉलेजात घालायला आम्ही मुठे गावातून निघालो. डोक्यावर वळकटी, हातात स्टोव्ह. वेशीत मी आईला ठणकावलं, "ह्याला डाक्टर केल्याबिगर ह्या वेशीच्या आत पाय ठेवणार न्हाई."

"आरं, पन कौल?"

"चुकलाय त्यो." का चुकलाय, ते सांगितलं नाही.

मुठेकरांनो, आज सांगतो. दत्तूनं काय शिकावं यावर एकमत होईना. मी तिसरीतून उठलेलो, तरी माझंच मत पक्कं. शेवटी भैरोबाला विचारलं. देवाच्या दोन्ही खांद्यांना फुलं लावायची. उजवं आधी पडलं तर सायन्स, डावं पडलं तर आर्ट्स. फुलं पाण्यानं चिकटवतात. डावं मी गुळानं चिकटवलं. देवाला तेवढीच मदत. पण गुळाला मुंग्या लागल्या आणि सगळं गाव हात जोडून बघत असताना डावं फूल मुंग्यांसकट खाली आलं!

कॉलेजच्या खिडकीत दत्तूनं फॉर्मवर आर्ट्स लिहिलं. शेवटचा दिवस, मागं ही रांग. क्लार्क म्हणाला, "पालकांची सही."

"सायन्स लिहा, मग करतो."

"शिकणार कोण? तुम्ही की हा?"

दत्तू कानाशी आला. "दादा, कोंबडी कापताना मी नदीपल्याड पळतो. मानसं कशी कापू? मला इतिहास शिकायचाय."

"कौलाचं नाव काढू नगंस."

"न्हाई काढत. गुळाचं तरी कुटं काढलंय?"

लबाडाला पहिल्यापासून ठाऊक होतं! मी सही केली. एक काना राहिला, पण केली.

दत्तू इतिहासाचा मास्तर झाला. दर दिवाळीला गावी जाऊन ओट्यावर माझ्या जागी बसायचा. मी शब्दाचा पक्का. मी वेशीबाहेरच्या चिंचेखाली थांबायचो आणि आई तिथं भाकरी घेऊन यायची, शिव्या देत वाढायची. पुण्याजवळच्या बावधनची शेतं गेली, बिल्डिंगी आल्या. माझा फ्लॅट तिथंच आहे, लिफ्टचा. पण घर म्हटलं की मला ती चिंच आठवते.

सही केली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पुण्यातच लाकडाच्या वखारीत काम धरलं. मालकानं चहा पुढं केला, गुळाचा.

म्हटलं, "गूळ सोडलाय आपन."