गोफाचं दुसरं टोक

२०२३ साली मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होतो, आणि तोवरच्या आयुष्यात माझ्या साडूइतकी माणसं बांधून ठेवणारा दुसरा इसम मी बघितला नव्हता. बांधून म्हणजे गोड बोलून नव्हे. दोऱ्यानं. बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा मुरगूडला राहायचा आणि त्याला गोफ विणायचं वेड होतं. सुई नाही, टकळी नाही, माग नाही. सुताचे पाच फास दोन्ही हातांच्या बोटांत अडकवायचे, एका हाताची करंगळी दुसऱ्या हातातल्या फासांच्या पोटातून घालायची, पलीकडचा अंगठ्याशेजारच्या बोटावरचा फास पलटी मारून ओढून आणायचा आणि हात फाकवून आवळायचं. मग तेच दुसऱ्या हातानं. पोरवयात जोंधळ्याची राखण करताना एका धनगराच्या म्हातारीनं त्याला हे शिकवलं होतं, गोफणीची दोरी करायला. पुढं म्हातारी गेली, जोंधळा गेला, त्या रानात ऊस उभा राहिला, पाखरं हाकायचं कुणाला कारण उरलं नाही. ह्याची बोटं मात्र थांबली नाहीत.

आता अशा गोफाचं दुसरं टोक कुठंतरी पक्कं बांधावं लागतं. शहाणा माणूस खुंटीला बांधेल. हा समोर दिसेल त्याला बांधायचा. एसटीत बसला की पुढच्या बाकाच्या दांडीला. एकदा मुरगूड आलं तरी गोफ अर्ध्यात होता, आणि फास बोटांतून काढले की वीण मोडते, म्हणून तसाच गारगोटीपर्यंत गेला आणि त्याच गाडीनं माघारी आला. कंडक्टरनं पुढचं तिकीट मागितलं तेव्हा दोन्ही हात वर करून दाखवले आणि खिशात तुमीच हात घाला म्हणाला. बसलेल्या म्हशीच्या शिंगाला बांधलं तर म्हैस उठून पाण्याला निघाली, आणि हा तिच्या मागोमाग, विणत. गोफ वावभर, दोन्ही हात पसरावे इतका लांब झाला की नुसतं हात फाकवून वीण आवळत नाही, दुसऱ्या कुणीतरी ती बोटानं ठोकून बसवावी लागते. मग तो आक्काला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, हाळी द्यायचा. ती तव्यावरची भाकरी सोडून पिठाच्या हातानं यायची, वीण ठोकायची आणि शिव्या देत चुलीकडं जायची. त्या घरातला प्रत्येक लांब गोफ थोडा पिठाचा आणि प्रत्येक भाकरी थोडी करपलेली.

पण त्याचं सगळ्यात लाडकं ठिकाण म्हणजे माझ्या उजव्या पायाचा अंगठा. उंबऱ्याच्या आत आलो की पहिलं वाक्य, "पावणं, पाय लांब करा." पाणी, चहा, पोराबाळांची विचारपूस सगळं त्याच्यानंतर. गोफ संपेपर्यंत उठायचं नाही. कोल्हापूरला परतायच्या किती गाड्या मी त्या अंगठ्यापायी सोडल्या असतील. माझी बायको म्हणायची, मुरगूडला जाऊन आलात की तुमचा एक पाय तिकडंच ऱ्हातोय.

मला शिकवायचा त्यानं जन्मभर प्रयत्न केला आणि मी जन्मभर नाही म्हटलं. उद्यमनगरात फौंड्रीत ओतलेलं लोखंड खेळवलं ह्या हातांनी. शाळा चौथीतच सोडली, पण कुणापुढं हात पसरला नाही, आणि ते हात आता बाहुलीच्या नाड्या विणणार? अंगठा घ्या म्हटलं, बोटं माझी ऱ्हाऊ द्यात.

पुढं त्याच्या नातीनं मोबाईल आणला आणि माझ्या कानाची दशा झाली. ह्या कामाची माणसं जगभर आहेत असं तिनं दाखवलं. जपानात म्हणे लढायच्या चिलखताचे तुकडे असल्याच गोफांनी जोडायचे. विलायतेत चार-पाचशे वर्षांमागं बायका थैल्यांच्या नाड्या असल्याच करायच्या. दक्षिण अमेरिकेच्या डोंगरात अजून करतात. दुसरा कुणी असता तर हरखला असता. हा भांडायला बसला. जपानी म्हातारी तळहात समोरासमोर धरते, तिचे सांधे धरतील म्हणाला. विलायती बाई करंगळी सोडून अंगठ्याशेजारचं बोट आत घालते हे बघून तर तो उठूनच उभा राहिला, माझ्या अंगठ्याला हिसका बसला ते वेगळं. नात म्हणाली, आजोबा, तिकडं तशीच रीत हाय. तर म्हणाला, "रीत असंल. मुरगुडात येऊन दाखवावं म्हणावं." तरी रोज त्या जपानी म्हातारीला बघितल्याशिवाय जेवत नसे. आक्का तिला सवत म्हणायची.

त्याच नातीला मुलगा झाला आणि त्याच्या आधी महिनाभर साडूला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, डावा हात गेला. आमच्या दोन्ही घरांत जन्मलेल्या प्रत्येक पोराच्या कमरेला बारशाला ह्याच्या हातचा काळा करदोटा बांधलाय. माझ्या पोरांच्याही. ह्या वेळी घरच्यांनी ठरवलं की विकतचा आणू, त्यात काय एवढं. त्या दिवसापासून तो भिंतीकडं तोंड करून पडला. आक्काचा फोन आला, तुमीच समजवा. खरं सांगतो, जिवावर आलं होतं. गुडघे बोलत होते, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ह्या वयात दुसऱ्या म्हाताऱ्याचा रुसवा काढायचा म्हणजे ओझंच. तरी बारशाच्या आदल्या दिवशी गेलो.

तो पडून होता. डावा हात चादरीवर ठेवून दिल्यासारखा. पण उजव्या हाताची करंगळी हलत होती, हवेतच आत जायची, काहीतरी शोधायची आणि रिकामी बाहेर यायची. मी जवळ गेलो. मग त्यानं मान वळवली.

"पावणं," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "माझा डावा मेलाय. तुमचा द्या."

"माझा फौंड्रीतला हाय. त्याला सांडशी कळती, सूत न्हाय."

"त्याला कोण इचारतंय."

आक्कानं काळं सूत आणून दिलं. त्याला उशीला टेकवून बसवलं आणि मी डाव्या अंगाला बसलो, खांद्याला खांदा लावून. तीन फास त्याच्या उजव्या हातात, दोन माझ्या डाव्यात, टोक माझ्या अंगठ्याला. माझा उजवा हात मधे नडायला लागला, तो कुठं ठेवावा कळेना, शेवटी त्याच्या पाठीमागनं टाकला. हाडं लागत होती. तो आपला फास सफाईनं पलटी मारून घ्यायचा आणि मला म्हणायचा, पलटी मारा. माझी बोटं वळेनात. आधी जमत नव्हतं आणि मग त्यानं चारदा सांगितलं म्हणून मीही हटून बसलो. सरळ येतोय तसा घेणार, म्हटलं, चालवून घ्या न्हायतर दुसरा हात बघा. एरवी दिवसभर भांडला असता. एक हात पलटी मारतो आणि दुसरा सरळ घेतो तेव्हा गोफ चौकोनी न होता चपटा पडतो, पट्टीसारखा, आणि चपट्या गोफाला तो आळशाचं काम म्हणायचा. पण त्या दिवशी नुसता माझ्या चुकीच्या हातासाठी थांबत राहिला.

भाकऱ्या झाल्या, करपल्या, जेवणं थंड झाली. गोफ संपला तेव्हा त्यानं तो तळहातावर घेऊन अंगठ्यानं चाचपला. मी शिव्या ऐकायच्या तयारीनं बसलो होतो.

"चपटा आलाय," तो म्हणाला. "बरं झालं. पोराला रुतायचा न्हाय."

बारशाला तो करदोटा आम्ही दोघांनीच बांधला. एक टोक त्यानं धरलं, एक मी, गाठ मारायला पुन्हा त्याचा उजवा आणि माझा डावा. पोर ओरडत होतं. बायका हसत होत्या. मी निघालो तेव्हा तो दारातल्या खुर्चीवर बसून होता. म्हणाला, "पुढचा पलटी मारून घ्या."

मी म्हटलं, पुढचा कसला, आता मी येत न्हाय, माझ्याच्यानं होत न्हाय. तो हसला, अर्ध्या तोंडानं. घरी आलो, पाठ मोडून आली होती, बायकोनं अंगाला तेल चोळलं, आणि मी तिलाही सांगितलं की मुरगूड आता संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं मुरगूडला गेलो, चप्पल काढली, त्याच्या डाव्या अंगाला बसलो आणि पाय लांब केला.