सासूबाईंची परीक्षा आणि केळ्याचा घास

आमच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना सगळे पाठीमागे 'सासूबाई' म्हणतात, आणि त्यांना ते ठाऊक आहे. पॅरालिसिसचा पेशंट घरी सोडायचा म्हटलं की डॉक्टर सही करून मोकळे होतात. पण सासूबाईंनी घरच्यांची परीक्षा घेतल्याशिवाय पेशंटची चप्पलसुद्धा पलंगाखालून हलत नाही. परीक्षेसाठी त्या स्वतःच पेशंट होतात. पलंगावर पडून एक हात लुळा सोडतात आणि नातेवाइकांना म्हणतात, "उठवा मला." भलेभले जावई तोच लुळा हात धरून ओढतात. मग हा पेशंट धडधाकट हाताने जावयाच्या पाठीत धपाटा घालतो. "खांदा निखळेल ना माझा. पाठीमागून आधार द्या." तुम्ही नाटकात जायला हवं होतं, असं मी एकदा म्हटलं, तर सगळ्यांसमोर मलाच पलंगावर टाकून कुशीवर वळवायचा धडा दिला.

मध्यंतरी एक रिटायर्ड कंडक्टर आले होते. उजवी बाजू गेलेली, वाचा बंद, तोंड वाकडं. उठवण्याबसवण्यात त्यांची बायको, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, पहिल्या फटक्यात पास झाली. घोडं अडलं ते भरवण्यात. तोंडात घास असताना बोलणं काढलं की पेशंट उत्तर द्यायला बघतो आणि घास श्वासनलिकेत जातो. असं एकदा होऊन कंडक्टर तापाने फणफणले होते. म्हणून सासूबाईंचा नियम असा, की पेशंटने गिळेपर्यंत भरवणाऱ्याने तोंड मिटून बसायचं. आणि वहिनींच्या तोंडाचा पट्टा तर थांबता थांबेना.

"अहो, गिळा हं. शेजारीण विचारत होती. गिळलंत? धाकटीचा फोन आला होता..."

"नापास," सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच.

त्या संध्याकाळी व्हरांड्यात वहिनी माझ्याजवळ रडल्या. "गप्प बसायची भीती वाटते हो मला. गप्प बसलं की त्यांच्या डोळ्यांत बघावं लागतं. जन्मभर माझी थट्टा करणारा माणूस. तो आत आहे, की नुसतं शरीरच घरी नेतेय मी?" मी त्यांना पाणी आणून दिलं.

सकाळी पुन्हा परीक्षा. कंडक्टरांना ताठ बसवलं, हनुवटी जरा खाली घेतली. कुस्करलेल्या केळ्याचा अर्धा चमचा वहिनींनी चांगल्या बाजूने तोंडात घातला आणि ओठ गच्च मिटले.

कंडक्टर गिळेनात. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला, पण त्या हूं की चूं करेनात. मलाही धसका बसला. सासूबाई टॉर्च घेऊन कंडक्टरांच्या तोंडात बघायला वाकल्या आणि थबकल्या. कंडक्टर एक डोळा बारीक करून बायकोकडे बघत होते. अख्ख्या संसारात न मिळालेली शांतता गडी चवीने चघळत बसला होता.

"गिळा," सासूबाई म्हणाल्या, "नाहीतर आणखी आठ दिवस माझ्याजवळ राहा."

घास गपकन खाली गेला. गालात घास उरला नाही ना, ते सासूबाईंनी तपासलं आणि वहिनींना पास करून टाकलं.

वहिनींच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी चमचा वाटीत आपटला. "लबाड कुठले," म्हणाल्या, आणि रडता रडता हसायलाच लागल्या. सासूबाईंचा हात त्यांनी घट्ट धरला.

"सिस्टर, माझाच माणूस आहे हो आत. द्या, घरी नेते."