शर्तवाले बसप्पा मास्तर

जळकोटच्या शाळेत मी रुजू झालो त्या दिवशी शिपाई म्हणाला, "मोटार आत्ता येईल." शेजारी बसलेल्या एका उंच, काटकुळ्या मास्तरांनी मान न उचलता विचारलं, "शर्त काय?" शिपाई गडबडला. मास्तरच पुढं म्हणाले, "रस्ता सुका असंल, डायवर शुद्धीवर असंल, तर यील. नुस्तं यील म्हणू नका." हे बसप्पा मास्तर, विज्ञान शिकवणारे. कुणी काहीही बोललं की यांचा तोच सवाल. सुरुवातीला हा माणूस माझ्या डोक्यातच जायचा. माझी बायको आजारी होती, मी "बरी होईल" म्हटलं, तर तिथंही त्यांनी शर्त विचारली. मग मात्र स्वतःच रोज तिच्यासाठी शेळीचं दूध पाठवू लागले.

जपानवर अणुबाँब पडला, त्यानंतर त्यावर छापलेलं मिळेल ते मास्तरांनी सोलापूरहून आणून वाचलं. शिकवायचं उर्दूत, असा निजाम सरकारचा नियम. पण रंगात आले की ते मराठीवर येत आणि फारच रंगले तर घरच्या कानडीवर. त्यांनी एक खेळ काढला. प्रत्येक पोराच्या हातात चिंध्यांचे दोन चेंडू. "तुमी युरेनियमचे अणू. चेंडू म्हंजी अणू फोडणारा कण. तो लागला की फुटायचं, म्हंजी हातातले दोन्ही फेकायचे, डोळे मिटून." पोरं मैदानभर पांगवली की मास्तरांनी फेकलेला पहिला चेंडू धुळीत पडायचा आणि खेळ तिथंच विझायचा. मग तीच पोरं कोपऱ्यात दाटीनं उभी करायचे. एक चेंडू पडला रे पडला की नुसता धुरळा.

"पोरं तीच, चेंडू तेच. मग बदललं काय? शर्त! माल पुरेसा पायजे आन् जवळ पायजे. पांगला की कण भाईर निघून जातो. भाईर गेलेला कण कुणाला लागत न्हाय."

सूर्याचं कुणी विचारलं की म्हणत, "तितं उलटं. हलक्या अणूंचे गाभे एक व्हतेत. पण ते एकमेकाला ढकलतेत, जवळ येऊ देत न्हाईत. लई भयंकर आच पायजे आन् वरून दाब, तवा कुठं चिकटतेत. फोडायला गर्दी पुरती, बाळांनो. जोडायला सूर्य लागतो."

पुढं निजामी राज्याचे शेवटचे दिवस आले. गावोगाव सरकारच्या बाजूची हत्यारबंद पोरं फिरू लागली. अशात कुणीतरी ठाण्यात कळवलं, की जळकोटच्या शाळेत पोरांना बाँब फेकायला शिकवतात. ऐकून मला हसूच आलं होतं. बाजाराच्या दिवशी अमीनसाहेब, म्हणजे आमचे फौजदार, बंदूकवाल्यांची टोळी घेऊन मैदानात उतरले तेव्हा ते हसू पळालं.

बातमी बाजारात पोचायला कितीसा वेळ लागतो! पोरांचे बाप धान्याचे ढीग तसेच टाकून फाटकात जमले. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या कुऱ्हाड. आत पोरं भिंतीला चिकटलेली. मिसरूडही न फुटलेल्या एका बंदूकवाल्याचं बोट चापावर थरथरत होतं.

"मास्टर, बम का सबक हमको बी बताओ," अमीनसाहेब म्हणाले.

"बताता हूँ साब. लेकिन एक शर्त है. सब दूर दूर खडे होना."

फौजदाराला शर्त!

मास्तरांनी आधी पोरं मैदानभर पांगवली. मग फाटकाकडे वळले. "आप्पा, तुमी चिंचेखाली. तुमी दोघं हिरीकडं. पाटील, तुमी बैलांपाशी." आवाज वर्गातलाच. लोक कुरकुरले, पण हलले. "भैया, आप उधर, दीवार के पास." बंदूकवालेही हलले! मग मास्तरांनी एक चेंडू फेकला. तो धुळीत पडला आणि पडून राहिला.

"देखो साब. बम नहीं हुआ."

अमीनसाहेब खुळे नव्हते. त्यांनी पांगलेल्या माणसांवरून सावकाश नजर फिरवली. "होशियार हो," म्हणाले. "चलो ठाणे."

लोक पुन्हा जवळ सरकू लागले. कुणीतरी ओरडलं, "मास्तरला हात लावून तर बघा!" मी मास्तरांचा दंड घट्ट धरला. "जाऊ नका. एवढे लोक आहेत पाठीशी."

"म्हणूनच जातो," ते हळू आवाजात म्हणाले. "म्या हितं थांबलो तर त्या पोराचं बोट दबतंय. म्या भाईर जातो." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लेकरं घरी न्या. म्या येतो."

त्यांच्या तोंडून बिनशर्तीचं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. शर्त काय, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

त्या दिवशी जळकोटात एकही गोळी सुटली नाही. पोरं घरी जाऊन भाकरी खाऊन निजली. मास्तरांना ठाण्यातून पुढं कुठं नेलं, कुणी सांगेना. राज्य गेलं, तुरुंग उघडले, सुटलेल्या माणसांना गाठून गाठून मी विचारत राहिलो. मास्तर आले नाहीत.

बाहेर गेलेला कण कुणाला लागत नाही, असं ते शिकवत. विज्ञान काही माझा विषय नाही. पण मला लागला.