लतिकामावशीचं ऐकणं

माझी मावशी लतिका गायधनी नाशिकच्या कोर्टात एकतीस वर्षं स्टेनो होती. वकिलांची खडाजंगी, मागे पक्षकारांची कुजबुज, डोक्यावर घरघरणारे पंखे. या सगळ्यातून ती न्यायाधीशांचं तेवढं नेमकं टिपायची. "बाकीचे आवाज असतात गं, पण ते मला लागत नाहीत," म्हणायची.

निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी ते आवाज लागायला लागले. सिन्नरला एका मुंजीत ती भरल्या पानावरून उठली आणि कानांवर हात दाबून मांडवाबाहेर जाऊन उभी राहिली. मी मागोमाग धावले. "सगळे एकदम बोलतायत. कुणाचं घेऊ?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

तपासून घेतलं, तर कान ठणठणीत निघाले. मग तिला घरात माणसं दिसू लागली. गुपचूप बसून राहणारी. ती त्यांच्यासाठी चहा टाकायची. झोप पार उडाली. तिचे यजमान शामसुंदरकाका रामकुंडावर यात्रेकरूंच्या पूजा सांगतात, त्यांना पहाटेच निघावं लागे. जागून जागून तेही थकले. शेवटी त्यांनी मेडिकलमधून सर्दीची, गुंगी आणणारी गोळी आणली. आधी एक दिली, मग दोन.

तीन आठवड्यांत मावशी त्यांनाही ओळखेना. तोंडाला कोरड पडली, लघवी अडली, हात हवेत काहीतरी वेचत राहिले. तिला दवाखान्यात हलवलं.

तिथल्या डॉक्टर संपदाताईंनी काकांना समोर बसवून सांगितलं, "मेंदूच्या वरच्या थरात काही पेशींचं काम इतर पेशींना गप्प करण्याचं असतं. असेटिलकोलीन नावाचं रसायन त्यांच्यावरच्या ग्राहींवर, म्हणजे ते पकडणाऱ्या जागांवर, येऊन बसतं, तेव्हा त्यातल्या काही कामाला लागतात, काही थांबतात. काही तर गप्प करणाऱ्यांनाच गप्प करतात. त्यातूनच हवं ते पुढे येतं, नको ते मागे राहतं. स्मृतिभ्रंशाच्या आजारामुळे काकूंच्या मेंदूत हे रसायन कमी पडतंय. आणि या गोळीनं काही ग्राहींची जागाच अडवली."

"म्हणजे मीच घातलं तिला विष," काका म्हणाले.

"आजार आधीचा आहे, काका. गोळीनं भर घातली."

त्यातलं दुसरं वाक्यच त्यांनी ऐकलं असावं.

ती गोळी बंद झाली. असेटिलकोलीन लवकर मोडू न देणारी दुसरी सुरू झाली आणि मावशी बरीचशी परत आली. आठ महिने. एका दुपारी तिनं वही-पेन्सिल मागून घेतली. "सांगा, घेते," ती काकांना म्हणाली.

काका गडबडले. मग सावकाश म्हणाले, "लतिका शामसुंदर गायधनी, राहणार पंचवटी, हिची मी माफी मागतो."

तिची पेन्सिल भराभर चालली. तिनं वर पाहिलं. "कशाबद्दल? कारण लिहावं लागेल."

काका उठून स्वयंपाकघरात गेले. त्यांच्या मागे जायचं धैर्य मला झालं नाही.

दिवाळीनंतर मात्र गोळी पुरेना. काकांनी देवघरातली घंटा काढून ठेवली, घरात मोठ्यानं मंत्र म्हणणं सोडलं. घरात आम्ही एका वेळी एकच जण बोलायचो. शेवटी शेवटी तेवढंही तिला जास्त व्हायचं. माघात छातीत कफ झाल्याचं निमित्त होऊन ती गेली.

काका पुन्हा रामकुंडावर जायला लागले. कुणी म्हातारं माणूस घेऊन आलं, की पूजेआधी विचारतात, "यांना झोपेच्या, सर्दीच्या गोळ्या देता का? डॉक्टरांना विचारून देता ना?" लोक चमकतात. परवा मी त्यांच्या मदतीला गेले होते, तेव्हा सासूला घेऊन आलेली कळवणची एक बाई वैतागलीच. "गुरुजी, तुमी पूजेचं सांगा ना."

काकांनी मान हलवली आणि पळीत पाणी घेतलं. मी ताम्हन पुढे सरकवलं.