व्याह्यांची सहाची बातमी

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत पुस्तकाची बातमी सांगायला माणसाला झोपेतून उठवणारा गृहस्थ एकच, आणि तो माझा व्याही. सकाळी सहाला फोन वाजला की आमच्या घरात आता कुणी दचकत नाही. "पाव्हणं, उठला का? टेक्सासातल्या एका बाईंचं पुस्तक आलंय. आजीवर हाय." एवढं सांगून दौंडहून फोन बंद. बाई कोण, पुस्तक मिळणार कुठं, काही नाही. कांद्याचा भाव सांगावा तशी बातमी.

याचं मूळ माझ्याच मुलाच्या घरी. लेकीच्या बाळंतपणाला व्याही आणि विहीणबाई सहा महिने टेक्सासला गेले. बाकीचे आईबाप धबधबे बघून येतात. हे शेजारच्या मेक्सिकन म्हाताऱ्याच्या अंगणात जाऊन बसले. इंग्रजी व्याह्यांनाही बेताचंच आणि त्या म्हाताऱ्यालाही. पण दोघांचेही बाप मेंढरं राखणारे, त्यामुळे खाणाखुणांवर मैत्री जमली आणि तिच्यापायी व्याही साठीत स्पॅनिश शिकले. परतताना बॅगेत नातेवाइकांच्या चॉकलेटांऐवजी सतरा स्पॅनिश पुस्तकं निघाली. विहीणबाई अजून ती चॉकलेटं विसरलेल्या नाहीत.

त्या पुस्तकांना त्यांनी जुन्या कॅलेंडरची कव्हरं घातली. वाचन दौंड स्टेशनच्या बाकावर, कारण "घरात वाचाय बसलं की दळण आठवतं सगळ्यांना." हमाल भोवती जमत आणि कालच्या पानापुढची गोष्ट मागत. एकदा भीमेकाठी कुणाच्या तरी दशक्रियेला यांना श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलायला उभं केलं. मयताचं राहिलंच बाजूला. मेक्सिकोची माणसं मेलेल्यांसाठी ताटं मांडून गाणी कशी म्हणतात, हे वीस मिनिटं सांगितलं. पुढारी घड्याळ बघत होते. तेवढ्यात, सकाळपासून न फिरकलेला कावळा पिंडाला शिवला. मागून कुणीतरी म्हणालं, "मयताला पुस्तक पसंत पडलं बरं का."

मी हसलो होतो. यांच्यावर मी नेहमीच हसलो. मी मराठीचा निवृत्त मास्तर, आणि दहावी नापास माणसाने सातासमुद्रापलीकडचं साहित्य मला सांगावं, हे मला आतून सोसत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याकडे एक वही दिली. त्या सतरांतल्या एका पुस्तकाचा अर्ध्यापर्यंत झालेला अनुवाद, एका म्हाताऱ्या मेंढपाळाची गोष्ट. डाव्या पानावर अनुवाद. उजव्या पानावर, तो करताना आठवलेल्या त्यांच्या आईच्या ओव्या, रानातल्या वाड्यावर रात्री मेंढरं बसवताना म्हणायच्या त्या. "तिकडं मेंढपाळाची म्हातारी गायला लागली की आमची म्हातारी हितं सुरू होती," ते म्हणाले. "जरा नजर घाला, मास्तर."

मी नजर घातली. शिरूरच्या एका दिवाळी अंकाला मजकूर हवा होता. मी डावी पानं घेतली, त्यातली तवा-जवा काढली आणि अनुवादक म्हणून स्वतःचं नाव घातलं. ओव्या गावंढळ वाटल्या, त्या गाळल्या. अंक निघाला, मला शाल-श्रीफळ मिळालं. भाषणात आभार मानताना ओठांवर त्यांचं नाव आलं होतं. मी ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी सहाला फोन आला.

"पाव्हणं, बातमी हाय. शिरूरच्या एका मास्तरांनी मेंढपाळाचं अर्धं पुस्तक मराठीत आणलंय. चांगलं उतरलंय." मग म्हणाले, "आईच्या ओव्या तेवढ्या न्हाईत त्यात." आणि फोन बंद.

लेक आमच्या घरात दिलेली. ते त्यावर पुढं एक शब्द बोलले नाहीत. फोन अजून येतो, बातमी येते. फक्त वही त्यांनी परत मागितली नाही, आणि अनुवाद थांबला तो थांबलाच. हमाल विचारतात, त्या म्हाताऱ्यानं मेंढरं इकली का शेवटी? हे म्हणतात, "इसरलो." सतरा पुस्तकं पाठ असलेला माणूस.

तर लिहून ठेवतो: तो अनुवाद माझा नाही, माझ्या व्याह्यांचा आहे. हा कागद त्याच अंकाकडे पाठवतो आहे. पण त्याआधी, उद्या सहाच्या अगोदर, दौंडला मीच फोन लावणार आहे. "व्याहीबुवा, उठलात का? बातमी आहे," म्हणेन, आणि हे वाचून दाखवेन. मग वहीची उजवी पानं. त्यांनी फोन ठेवला नाही, तर भीत भीत विचारेन, त्या म्हाताऱ्याच्या मेंढरांचं पुढं काय झालं.