कुलूपबाई आणि तिची जाऊ

ऑफिसात तिला सगळे कुलूपबाई म्हणत आणि तिला ते मनापासून आवडे. इमारतींचे नकाशे काढणारी ती कंपनी. कोणाच्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह चालेल, कोणाला त्यातलं नुसतं बघता येईल, कोणाला फाइल उतरवून नेता येईल, हे सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच ठरवायची. टायपिस्ट म्हणून लागलेली बाई शिकत शिकत या खुर्चीवर पोचली होती. भलेभले इंजिनियर टेबलाशी येऊन "बाई, तेवढं उघडून द्या ना" म्हणत. घरी मात्र ती नक्की काय काम करते, हे कोणी धड विचारलंही नव्हतं.

मग धाकटी जाऊ त्याच ऑफिसात नकाशे काढायला लागली आणि हिच्या पोटात दुखू लागलं. घरी सासूबाईंच्या तोंडी धाकटीचं कौतुक, ऑफिसात साहेबांच्या तोंडीही तेच. धाकटीचं बोलणं गोड, काम नेटकं आणि स्वभाव असा की नाव ठेवायला जागा नाही. हे शेवटचं तर थोरलीला अजिबात सोसत नव्हतं.

मोठ्या गिऱ्हाइकासमोर नवा आराखडा मांडायचं काम साहेबांनी धाकटीला दिलं, तेव्हा थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने ठरवलं, हिच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह बंद. सकाळी येईल नाक मुठीत धरून, चारचौघांत "ताई, प्लीज" म्हणेल, मग आपण चहा संपवून सावकाश उघडून देऊ. जास्त काही नको होतं तिला.

पण डोक्यात राग असला की हात कुठे चाललाय याचं भान राहत नाही. बंदी टाकायची होती कॉम्प्युटरच्या नावावर, ती तिने टाकली जावेच्या नावावर. आता धाकटी ज्या कॉम्प्युटरवर आपल्या नावाने शिरेल, तिथे बंदी तिच्या मागोमाग जाणार. शिकाऊ माणसाला या चुकीबद्दल बाईंनी फाडून खाल्लं असतं.

सकाळी धाकटी स्वतःच्या टेबलाकडे फिरकलीच नाही, थेट मीटिंगच्या खोलीत गेली. गिऱ्हाइकं बसलेली. तिने पेनड्राइव्ह लावला आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उमटलं, 'आपल्याला परवानगी नाही.' कुलूपबाईंना बोलावणं आलं.

"हिची परवानगी कोणी काढून घेतली?" साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं.

ती काढून घेऊ शकणारं माणूस ऑफिसात एकच होतं. इतक्या वर्षांत कमावलेली खुर्ची आता गेली, हे थोरलीला कळून चुकलं.

"मीच ताईंना बंद करायला सांगितलं होतं," धाकटी म्हणाली. "पेनड्राइव्ह बाहेरच्या कॉम्प्युटरला लावला होता, म्हटलं व्हायरस नको यायला. आता तपासून घेतलाय, पण ताईंना सांगायचं राहिलं."

"बघा," साहेब कुलूपबाईंना म्हणाले, "याला म्हणतात काळजी. शिका जरा हिच्याकडून."

घरी जाताना थोरलीला राहवलं नाही. "खोटं कशाला बोललीस?"

"जाऊ दे ना, ताई. घरचीच माणसं आपण."

रस्ताभर थोरलीला एकच वाटत राहिलं. हिने साहेबांसमोर आपलं नाव घेतलं असतं, चार शिव्या घातल्या असत्या, तर ही बाई आपल्याला थोडीतरी आवडली असती.